पुढे गेलेलं पस्तान

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो आणि खरं सांगायचं तर निम्मे वाचून पान उलटतो. चौतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. मुलांना एकच सांगत आलो, रीत दाखवल्याशिवाय नुसत्या उत्तराला मार्क नाहीत. आज मात्र माझ्याकडेच एक उत्तर आहे आणि त्याची रीत नाही. पंच्याहत्तरी ओलांडली. आता लिहिलं नाही तर राहून जाईल, म्हणून लिहितो.

आमचं गाव घनसावंगीपासून दोन कोसांवर. निजामाचं राज्य होतं, दुसरं महायुद्ध चालू होतं, रॉकेलसुद्धा नशिबाने मिळायचं. आम्ही जातीने धनगर. आजोबांच्या काळापर्यंत मेंढरांमागे फिरणारे. वडिलांनी — आम्ही त्यांना दादा म्हणायचो — जमीन कसली, घर बांधलं आणि मला शिकवलं. घराण्यात पहिली पाटी माझ्या हातात आली. हैदराबादला राहून उर्दूतून बी.ए. झालो, जालन्याला सरकारी मदरशात मास्तर म्हणून लागलो. शाळेला तेव्हा तिकडे मदरसाच म्हणत. मी शिकत असताना दादांनी कितीदा एकवेळ जेवून दिवस काढले, ते मला फार उशिरा कळलं.

नोकरीच्या दुसऱ्या उन्हाळ्यात सुट्टीला घरी आलो, तेव्हा दादांच्या दोन्ही डोळ्यांवर पडदा चढत होता. उजव्या डोळ्याने माणूस आणि खांब यांतला फरकही कळेना. मी म्हणालो, जालन्याच्या दवाखान्यात दाखवू. ते म्हणाले, "दाखवू की. पण आधी मला गंगेवर घेऊन चल. दिसतंय तवर."

गोदावरीला आमच्याकडे गंगाच म्हणतात. त्यांना तिथे का जायचंय, ते मला ठाऊक होतं. दादा सहा वर्षांचे असताना त्यांचा वाडा — म्हणजे मेंढरांचा तळ — गंगेच्या काठावर होता. तिथे त्यांची आई तापाने गेली. तिला काठावरच पुरलं आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढे निघाली. मेंढरं थांबत नाहीत. आजोबांनी दुसरं लग्न केलं आणि पुन्हा त्या बाजूला गेले नाहीत. मोठेपणी दादा दोनदा शोधायला गेले होते, जागा सापडली नाही. त्यांना एवढंच आठवायचं, की पाण्यात बसलेल्या बैलासारखा एक खडक होता आणि आई डावरी होती. डाव्या हाताने भाकरी थापायची म्हणून बाया तिला हसायच्या. तिचा चेहरा मात्र त्यांना आठवत नव्हता.

ठरलं. सगळ्यांनी बैलगाडीने जायचं, चार दिवस काठावर घोंगड्यांचं पाल ठोकून राहायचं, जागा शोधायची. आजकाल माझी नातवंडं टेंट घेऊन कॅम्पिंगला जातात, तसंच ते आमचं पहिलं आणि शेवटचं. दादा, माय, मी, माझी बायको द्वारका आणि आमची तीन वर्षांची चिंगी. द्वारका मंठ्याची. ती गाव सोडून मंठ्यापलीकडे कधी गेली नव्हती, त्यामुळे तिला जत्रेला निघाल्यासारखा आनंद झालेला.

निघायचा दिवस आला गुरुवार. गुरुवारी दक्षिणेला जाऊ नये, आणि गंगा आमच्या दक्षिणेला. मायने त्यावर नेहमीचा तोडगा काढला — पस्तान. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. निघायचा दिवस वाईट असला, की आधीच्या चांगल्या दिवशी एक गाठोडं जायच्या दिशेला, गावाबाहेरच्या घरी नेऊन ठेवायचं. म्हणजे प्रवास त्या दिवशीच सुरू झाला असं धरतात. मग खऱ्या दिवशी निघताना ते गाठोडं उचलून सोबत न्यायचं. मायने मंगळवारीच दादांच्या जुन्या काळ्या घोंगडीच्या तुकड्यात तांदूळ, सुपारी आणि हळकुंड बांधलं आणि वेशीबाहेरच्या सोनाई लोहारणीच्या घरी ठेवलं.

गुरुवारी उजाडायच्या आत गाडी जुंपली. लोहाराच्या घरापाशी माय म्हणाली, "उतर. पस्तान घेऊन ये. बिनपस्तानाचं गेलं तर ज्यासाठी चाललो ते घडत न्हाई."

मी उतरलो. दार बंद होतं, आत सगळे झोपलेले. आणि मला लाज वाटली... बी.ए. झालेला माणूस, तांदूळ-सुपारीसाठी लोहाराचं दार वाजवणार? मी घराच्या आडोशाला दोन मिनिटं उभा राहिलो, परत आलो, गाडीत मागे चढलो.

"घेतलं?"

"घेतलं," मी म्हणालो.

हे खोटं त्या क्षणी मला अगदी क्षुल्लक वाटलं होतं.

दिवस वर आला तेव्हा एका विहिरीवर बैलांना पाणी पाजायला थांबलो. दादा बैल सोडत होते. मोट हाकणारा म्हातारा आमच्याकडे बघत खाली आला. हातात गुळाचा खडा.

"पोरगा कुठंय?" तो म्हणाला.

"कोणता पोरगा?" मी विचारलं.

"आता... एका बैलाचं शिंग मोडकं, तीच न्हवं का तुमची गाडी? बाई पुढं गेली तुमची. म्हणली, मागून माझा पोरगा येतोय गाडीत, चालून थकतंय लेकरू, त्याला गूळ-पाणी द्या."

"आमच्यात पोरगा न्हाई, बाबा," माय म्हणाली. "नात हाये. दुसऱ्या कुणाची असंल."

"मोडक्या शिंगाची गाडी म्हणली," म्हातारा हट्टाने म्हणाला आणि गूळ चिंगीच्या हातावर ठेवून मोटेकडे गेला.

माय गाडीत बसता बसता द्वारकेला कोपराने डिवचून म्हणाली, "ऐकलं का? वाटेवरच्या माणसाच्या तोंडून देव बोलतोय. औंदा नातू येणार."

"आत्याबाई, देवाला सांगा, आधी या नातीला गाडीत उलटी होऊ देऊ नको," द्वारका म्हणाली. आम्ही सगळे हसलो. मीही. मोडक्या शिंगाचे बैल काय एकट्या आमच्याकडेच होते?

दुपारी कुंभार पिंपळगावला पोचलो. पाण्यासाठी नवा माठ घ्यायचा होता. कुंभारणीने आम्हाला पाहिलं आणि माठ दाखवायच्या आधी एक छोटं बोळकं पुढे केलं.

"हे घ्या तुमच्या पोराचं. कुठंय त्यो?"

द्वारकेचं तोंड उतरलं. दुसऱ्यांदा तीच गोष्ट ऐकून तिला चेष्टा वाटली असावी. "मावशी, कोण म्हणलं तुम्हाला पोरगा म्हणून?"

"त्याची मायच म्हणली की. आत्ता येऊन गेली. तुझ्याएवढीच असंल. म्हणली, माझा पोरगा येतोय, त्याला बोळकं द्या, मोठ्या लोट्यानं पितो अन् सांडवतो." कुंभारीण माठ वाजवून बघत बोलत राहिली. "बाकी बाई चांगली, पण रीतभात न्हाई. डाव्या हातानं बोळकं निवडलं, डाव्या हातानं मला सुपारी दिली. म्या म्हणलं, बाई, उजवा हात काय गहाण ठेवला का? तर हसली नुसती."

दादा आतापर्यंत बैलांपाशी होते. ते एकदम जवळ आले.

"कोणत्या हातानं म्हणली तू?"

"डाव्या."

"संगं काय होतं तिच्या?"

"काखंत गाठुडं होतं. काळ्या घोंगडीचं, एवढूसं."

दादा माठांच्या ओळीशेजारी जमिनीवरच बसले. मायला वाटलं ऊन लागलं. ती पदराने वारा घालू लागली, "अवो, काय झालं, जल्दी पाणी आण रे..." मी पाणी आणलं. ते गाठोडं गाडीत नाही, हे त्या सगळ्यांत फक्त मला ठाऊक होतं. मायने गाडीतल्या चार गोधड्यांखाली एकदाही पाहिलं नव्हतं. ती माझ्या शब्दावर विश्वासून बसली होती.

माझं डोकं हिशेब मांडू लागलं. एखादी बाई सोनाईकडून गाठोडं उचलून आमच्या पुढे चालली असेल. पण पायी चालणारी बाई आमच्या गाडीच्या पुढे पुढेच कशी? आणि का? चोरीच करायची तर मूठभर तांदळासाठी? आणि ती आमच्याबद्दल लोकांना का सांगत सुटेल? एकही वजाबाकी जमेना.

दादांनी बोळकं घेतलं. त्यातच पाणी ओतायला लावलं आणि प्यायले. थोडं सांडलं.

"आणखी काय म्हणली ती?" त्यांनी हळूच विचारलं.

"म्हणली, घाटाच्या सरळ वाटंनं जाऊ नका म्हणावं. चिंचेपासून डाव्या अंगानं वळा."

गावापासून कोसभरावर ती चिंच लागली. सरळ वाट घाटावर जायची. लोक तिथेच मुक्काम करत, दादाही मागे दोन्ही वेळा तिथूनच शोधायला लागले होते. डावीकडची वाट म्हणजे नुसती चाकोरी, बाभळींमध्ये शिरणारी. चिंचेखाली एक जण शेळ्या घेऊन बसला होता. मी उतरून त्याला विचारलं, इकडून एक बाई गेली का?

"न्हाई."

"तरणी बाई, काखेत गाठोडं?"

"सकाळपून हितंच बसून राह्यलो. कुत्रं गेलं न्हाई या वाटंनं. बघा की, धूळ हाये, पाऊल दिसंल."

मी पाहिलं. धुळीवर शेळ्यांची खुरं होती आणि वाऱ्याच्या रेघा. माणसाचं पाऊल नव्हतं.

मी गाडीपाशी आलो. "दादा, सरळ जाऊ. इकडून कुणी गेलेलं नाही. दिवस उतरायला लागलाय. या आडवाटेत चुकलो आणि अंधार पडला तर तुम्हाला आज काहीच दिसणार नाही. उद्या परत तुमचे डोळे..."

खरं कारण ते नव्हतं. मला भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा जास्त त्या खोट्याची लाज.

"मास्तर," दादा म्हणाले. ते मला लाडाने मास्तरच म्हणत. "सरळ वाटंनं दोनदा गेल्तो. सापडलं का?"

"नाही."

"मंग?"

गाडी डावीकडे वळली. मायला बिलकुल काही कळत नव्हतं. ती दर थोड्या वेळाने म्हणायची, "पस्तान घेतलंय ना, मंग काळजी न्हाई," आणि प्रत्येक वेळी मी खाली बघायचो.

सूर्य दोन-तीन कासरे वर असताना वाट संपली आणि एकदम वाळू लागली. गंगा उन्हाळ्याची, बारीक झालेली. वाळूत टरबुजांची वाडी होती आणि वाडीच्या राखण्याचं खोपट. राखण्या पन्नाशीचा, उघडा, डोक्याला फडकं. त्याने खोपटाच्या सावलीतून एक टरबूज उचललं आणि गाडीकडे आला.

कोणी काही बोलायच्या आधी द्वारका हळूच माझ्या कानाशी म्हणाली, "आता हा बी पोरगाच विचारणार."

"या," राखण्या म्हणाला. "उशीर केला. ती बाई कवाची वाट बघून पुढं गेली. पोरगा कुठंय? त्याच्यासाठी ठेवलंय हे."

चिंगीने टरबुजाकडे हात केला. तेव्हा दादा गाडीच्या पुढच्या बाजूने खाली उतरले, चाकाला धरून. साठीचे, पांढऱ्या मिशांचे, डोळ्यांत दूध पडल्यासारखे पडदे. ते त्या माणसासमोर उभे राहिले आणि म्हणाले,

"मीच त्यो."

राखण्या हसला नाही. त्याने दादांकडे खालपासून वरपर्यंत बघितलं, टरबूज त्यांच्या हातात दिलं आणि नदीच्या वळणाकडे बोट केलं. "तिकडं गेली. त्या दगडाकडं."

दादांनी तिकडे तोंड केलं. मग माझा दंड धरला. एवढा घट्ट की मला दुखलं.

"मला नुसतं चमकतंय, मास्तर. पाणी हाये का दगड, कळंना. तू बघून सांग. बसलेल्या बैलावाणी हाये का?"

मी पाहिलं. उन्हाची तिरीप पाण्यावरून थेट डोळ्यांत येत होती. पाण्यात एक काळा खडक होता. त्याला पाठ होती, मान होती... निदान तसं वाटत होतं. शिंगासारखंही काहीतरी.

"हो," मी म्हणालो. "बैलासारखाच आहे."

तो खडक खरंच बैलासारखा होता, की मला तो तसा दिसायला हवा होता, हे मला आजही छातीठोक सांगता येत नाही. त्या दिवशीचं पहिलं खोटं मी सकाळी बोललो होतो. हे दुसरं होतं की खरं होतं, ते मला माहीत नाही.

खडकासमोरच्या काठावर, थोड्या उंचवट्यावर, तीन दगडांची चूल मांडलेली होती. राख नव्हती, चूल कोरी होती. आणि मधोमध, तिन्ही दगडांवर टेकवून, काळ्या घोंगडीचं गाठोडं ठेवलेलं.

मायने ते ओळखलं. गाठ तिनेच मारलेली. ती आधी गाठोड्याकडे, मग गाडीकडे, मग माझ्याकडे बघू लागली.

"आरं, हे तर गाडीत होतं... तू खाली कवा ठेवलंस?"

मी सगळं सांगितलं. दार न वाजवल्याचं, लाज वाटल्याचं, खोटं बोलल्याचं. माय रागावेल असं वाटलं होतं. ती रागावली नाही. तिने गाठोड्याला हातही लावला नाही. द्वारकेने चिंगीला घट्ट उचलून घेतलं.

दादा मात्र चुलीजवळ बसले. दगडांवरून हात फिरवत म्हणाले, "बघ, चुलीचं तोंड कुणीकडं हाये. डाव्या हातानं लाकूड सारायला सोपं जावं असं." मग टरबूज फोडलं, एक फोड उंचवट्यावर ठेवली आणि उरलेलं आम्हाला वाटून दिलं. मला वाटलं होतं ते रडतील. ते एखाद्या दमलेल्या मुलासारखे दिवस मावळायच्या आतच तिथे आडवे झाले आणि झोपले. मायने त्यांच्यावर घोंगडी टाकली.

चार दिवस आम्ही तिथेच राहिलो. पुढचे तीन दिवस साधे गेले. द्वारकेने वाळूत झरा खणला, चिंगीने शिंपले गोळा केले. दुसरं कुणीही दिसलं नाही, काही ऐकू आलं नाही. राखण्याला मी पुन्हा पुन्हा विचारलं. तो एवढंच म्हणायचा, "बाई आल्ती, बोलली, गेली. चांगलं ऊन होतं, मी जागा होतो. तुम्ही शिकलेले, तुम्हीच सांगा मला."

गावी परतलो तेव्हा पहिलं काम म्हणून मी एकटाच सोनाई लोहारणीकडे गेलो. मनात होतं, आता उलगडा होईल. कुणाच्या तरी हाती तिने गाठोडं दिलं असेल, नाव कळेल, बाकी जुळवता येईल.

ती भाता ओढत होती. मला बघून म्हणाली, "काय मास्तर, झालं का दर्शन?"

"सोनाई, आमचं पस्तान कोणी नेलं?"

"कोणी म्हणजे? तुमच्याच बाईनं. बुधवारी दिवस मावळताना आल्ती."

बुधवारी. म्हणजे मी दार न वाजवता परत फिरलो, त्याच्या आदल्या संध्याकाळी. मी खोटं बोलायच्या आधी. मी विचारलं, कोण बाई, कशी होती, तुम्ही ओळखत नव्हता तर दिलं कसं?

"मला वाटलं तुमच्या मंडळीची बहीण-बिहीण आली असंल मंठ्याहून. तरणी होती. म्या म्हणलं, बाई, पस्तान निघताना न्यायचं असतं, उद्या मास्तर येतील की न्यायला." सोनाईला मधेच हसू आलं. "तर म्हणली — न्हाई येणार त्यो. शिकलेला हाये, दार वाजवायला लाजंल. माझ्या पोराचा पोरगा हाये, मला ठावं हाये. म्हणून मीच नेते. मला वाटलं, वयानं एवढूशी अन् बोलती कशी म्हातारीवाणी..."

गाठोडं कोणत्या हातात घेतलं, हे मी विचारलं नाही.

दादांची दृष्टी त्याच पावसाळ्यात गेली. दवाखान्यात नेलं होतं, फार उपयोग झाला नाही. पुढे नऊ वर्षं ते जगले. कुणी त्या दिवसाबद्दल विचारलं तर म्हणत, "जागा सापडली. मास्तरनं बघितली." मी बघितली! मला त्या वाक्याचा अभिमान वाटावा की अपराधी वाटावं, हेही अजून ठरलं नाही. नंतर दोनदा मी त्या वळणावर गेलो. नदीने काठ बदलला होता, उंचवटा नव्हता. खडक होता, पण वेगळ्या बाजूने पाहिला तर तो नुसता खडक दिसायचा.

कुणा वाचकाला काही सुचलं तर जरूर कळवा. मी सगळे तर्क तपासले आहेत — चोरटी, वेडी, कुणी लांबची नातेवाईक, सगळ्यांनी मिळून केलेली थट्टा. प्रत्येकात काहीतरी बाकी उरते, भागाकार पूर्ण होत नाही.

एवढंच झालं, की त्यानंतर कुठेही लांब निघालो, मग दिवस चांगला असो की वाईट, गावाबाहेरच्या कुणाच्या तरी घरी पस्तान ठेवतो. मुलं हसतात. हसू द्या. निघताना दार मात्र मी स्वतः वाजवतो, आणि दोनदा वाजवतो.